डावीकडची आजी

आमच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात एक डीव्हीडी रेकॉर्डर अजून ठाण मांडून आहे. 2006 साली दाजींनी तो दुबईहून आणला, तेव्हा घरातल्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी त्यात ओतून घ्यायच्या आणि मग त्या बुरशी धरलेल्या कॅसेटींचे काय करायचे ते पाहू, असा बेत ठरला. पहिली कॅसेट अर्थातच मावशीच्या मंगळागौरीची होती. 1994 सालचा श्रावण, सांगलीचे घर, झिम्मा-फुगड्या, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यांच्या आग्रहाखातर आजीने घेतलेला उखाणा. आजी जाऊन तोवर सात वर्षे झाली होती आणि तिचा आवाज त्या कॅसेटीखेरीज दुसरीकडे कुठेही नव्हता.

चित्राची काळजी आम्ही फार केली. हेड स्पिरिटने पुसले, पिवळी पिन दोनदा काढून घट्ट बसवली, रंग फिके वाटतात का ते चारचौघांनी पाहिले. आवाजाकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. डिस्क तयार झाली, फायनलाइज केली म्हणजे इतर प्लेअरवर चालेल अशी बंद केली, टीव्हीवर लावली, आणि आई पाहता पाहता म्हणाली, "आजी डावीकडूनच का बोलतेय रे?" खरोखरच उजवा स्पीकर मुका होता. आमच्या जुन्या व्हीसीआरला आवाजासाठी एकच पांढरी पिन होती, रेकॉर्डरला पांढरी आणि तांबडी अशा दोन होत्या, आणि तांबडीत काहीच लावलेले नसल्यामुळे रेकॉर्डरने इमानेइतबारे अर्धी शांतता नोंदवून ठेवली होती. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एकाचे दोन करणारी वायर आणली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून केले.

या दुसऱ्या खेपेला मी हुशारी करायला गेलो. रेकॉर्डरच्या मेनूत एक्सपी या सर्वांत वरच्या, डिस्कवर एकच तास मावणाऱ्या दर्जात आवाजासाठी दोन पर्याय होते, आवाज दाबून कमी जागेत बसवणारे डॉल्बी डिजिटल आणि पीसीएम. पीसीएम म्हणजे आवाज जराही न दाबता, आहे तसा आकड्यांत मांडणे. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन पदर, म्हणजे सेकंदाला 15,36,000 बिट. तासाभराच्या आवाजालाच सुमारे 691 मेगाबाइट लागतात, म्हणजे जवळजवळ एक अख्खी सीडी. तोच आवाज डॉल्बीत 256 किलोबिटांनी नोंदवला, तर तासाला 115 मेगाबाइटांत भागते. माझ्या यंत्रात पीसीएम फक्त तासाभराच्या दर्जातच का मिळत होते, ते एवढ्यावरून कळावे. दोन तासांच्या डिस्कमध्ये त्याला जागा दिली असती, तर ती चित्राच्या ताटातून काढून घ्यावी लागली असती. आजीच्या बाबतीत काटकसर नको म्हणून मी पीसीएम निवडले आणि तीन तासांच्या कॅसेटीच्या तीन डिस्क केल्या.

ही हौस किती फुकाची होती, ते नंतर ध्यानात आले. व्हीएचएस कॅसेटीत साधा आवाज फितीच्या एका कडेने जाणाऱ्या अरुंद पट्टीवर असतो, आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत ती फीत सेकंदाला जेमतेम 2.34 सेंटिमीटर सरकते. गाण्याच्या साध्या कॅसेटीचा वेग 4.76 सेंटिमीटर असतो. म्हणजे ज्या आजीला टेपरेकॉर्डरच्या निम्म्या वेगाने नोंदवले होते, तिच्यासाठी मी डिस्कवर स्टुडिओच्या दर्जाची जागा राखून ठेवली होती. शिवाय व्हिडिओवाल्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे झिम्म्यावर, फुगडीवर, इतकेच काय पण पंगतीवरसुद्धा सिनेमाची गाणी चढवलेली होती. खरा आवाज उरला होता तो उखाण्यांचा, एकूण अकरा मिनिटे. कोणती पद्धत कोणती ते न सांगता मी आईला ती अकरा मिनिटे दोन्ही पद्धतींत ऐकवली. तिला काडीचाही फरक जाणवला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

मला कुतूहल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. डीव्हीडीवरचे चित्र ज्याने त्याने बिनबोभाट दाखवले. अडला तो नेहमी आवाज. कारण सरळ आहे. डीव्हीडीचे नियम ठरले तेव्हा चित्रासाठी एमपेग-2 या पद्धतीवर बहुतेकांचे एकमत होते, आवाजाच्या बाबतीत मात्र भाऊबंदकी होती. अमेरिकेची ओढ डॉल्बीकडे, युरोपची एमपेगच्या आवाजाकडे. त्यामुळे पाल देशांसाठीच्या डिस्कवर सुरुवातीला पीसीएम किंवा एमपेग आवाज सक्तीचा होता आणि 1997 च्या अखेरीस एकट्या डॉल्बीलाही मुभा मिळाली. डीटीएस या आणखी एका आवाज-पद्धतीला स्थान होते ते ऐच्छिक पाहुण्याचे. एमपीथ्री, जी पुढे घरोघरी पोचली, तिला डीव्हीडी-व्हिडिओच्या पंगतीत पानच मांडलेले नव्हते. प्लेअरच्या झाकणावर एमपीथ्रीचे चिन्ह असले, तरी ती सोय निराळी.

आकड्यांचाही एक गमतीदार तिढा आहे. सीडीचा आवाज सेकंदाला 44,100 नमुन्यांचा, तर डीव्हीडीचा 48,000 चा. 44,100 हा विचित्र आकडा मुळात व्हिडिओच्या फितीवरूनच आला आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर चित्राच्या रेघांत बसवून साठवत असत, आणि पाल पद्धतीत 50 वेळा 294 रेघा, प्रत्येक रेघेत तीन नमुने, असा गुणाकार केला की बरोबर 44,100 येतात. जो आकडा चित्राने जन्माला घातला तो गाण्यांच्या सीडीकडे दत्तक गेला आणि चित्राच्या डिस्कने स्वतःसाठी दुसराच घेतला. आपल्याकडे व्हीसीडीचे राज्य होते आणि व्हीसीडीचा आवाजही 44,100 चाच. म्हणून दुकानातून आणलेल्या सॉफ्टवेअरने व्हीसीडीची घाईघाईने डीव्हीडी करू पाहणाऱ्याला, चित्र जमले तरी आवाज नव्याने घडवल्यावाचून गत्यंतर नसे.

डॉल्बीतली एक प्रत मावशीकडे इचलकरंजीला गेली. तिच्या मुलाने प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत मोठ्या हौसेने ऑप्टिकल वायर टाकली होती. डिस्क लावताच आजीच्या ओठांची हालचाल दिसली आणि स्पीकरमधून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा कर्कश चरचराट आला. प्लेअर डॉल्बीचे आकडे न उलगडता तसेच पुढे ढकलत होता आणि त्या अँप्लिफायरला पीसीएमपलीकडे काही उमगत नव्हते. प्लेअरच्या मेनूत बिटस्ट्रीमच्या, म्हणजे आकडे तसेच पुढे पाठवण्याच्या, जागी पीसीएम केल्याबरोबर आजी बोलू लागली. हा दोष ना डिस्कचा, ना प्लेअरचा, ना अँप्लिफायरचा. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते, हीच अशा बिघाडांतली चिडचिड आणणारी गोष्ट.

2015 च्या सुमारास ती डिस्क मी फोनवर घेतली, तर चित्र सुरू झाले आणि खाली पट्टी आली, की एसी-थ्री हा आवाजाचा प्रकार चालत नाही. एसी-थ्री म्हणजे डॉल्बी डिजिटलच, घरातल्या नावाने. ती पद्धत उलगडण्यासाठी परवान्याचे पैसे भरावे लागत, आणि फुकटच्या प्लेअरने ते का भरावेत? तिच्यावरची शेवटची पेटंटे 2017 साली संपली, त्यानंतर हा जाच बराच कमी झाला. तोवर थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता. एका मोफत सॉफ्टवेअरने चित्राला हात न लावता केवळ आवाज फोनला कळणाऱ्या एएसी पद्धतीत बदलून घेतला. संगणकाला ते काम करायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

आता ती अकरा मिनिटे घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, आणि आजी दोन्ही बाजूंनी बोलते. तिची पाळी येते तेव्हा छताचा पंखा घरघरत असतो. "अंगणातल्या तुळशीला पाणी घालते वाकून," एवढे म्हणून ती थांबते, पदर सारखा करते आणि कॅमेऱ्याकडे नव्हे तर दाराकडे पाहत म्हणते, "तो पंखा बंद करा गं कुणीतरी, ऐकू जायचं नाही." बटणाचा टक असा आवाज येतो. पाती मंदावत जातात, घरघर उतरत उतरत थांबते, आणि मग उरलेली ओळ, आजोबांच्या नावासकट, अगदी स्वच्छ ऐकू येते.