सीमेवर तणाव अन् घरात टीव्ही

सीमेवर तणाव वाढला की सोलापुरातल्या जवानांच्या घरी टीव्ही दिवसरात्र चालू राहतो. पहिला उपाय तिथंच. बातम्या सकाळ-संध्याकाळ १५-१५ मिनिटं, झोपण्याआधी अजिबात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्फोटांचे व्हिडिओ पोरांसमोर उघडू नका. तेच दृश्य पुन्हा दिसलं की लहान मुलांना हल्ला पुन्हा झालाय असं वाटतं.

युद्धभागातून परतलेला माणूस पहिले काही आठवडे दचकतो, चिडतो. बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. मात्र "काय काय पाहिलंस?" असं खोदून विचारायचं नाही. सगळं एका बैठकीत वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. बोलला तर ऐका, गप्प बसला तर चहा द्या.

छाती धडधडू लागली की तळपाय फरशीवर दाबा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. इथंच बरेच जण चुकतात: भराभर खोल श्वास घेतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. नंतर चादरीचा पोत बोटांनी चाचपा (आपली जाड सोलापुरी चादर याला झकास!), समोरच्या ५ वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. सराव शांत असतानाच करायचा. ऐनवेळी काही सुचत नाही.

झोपेसाठी दारू नको, पहाटे झोप मोडते. शेजाऱ्याची गोळी तर नकोच. महिना उलटूनही त्रास कायम असेल तर डॉक्टर गाठा. जगणं नको म्हणाला, तर त्याच दिवशी. टेली मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६: मोफत, २४ तास, मराठीतही.