बोटांमधली फट

ओंजळीतलं पाणी नळापासून तुळशीपर्यंत नेईतो निम्मं गळतं. दोष बोटांमधल्या फटींचा. पण त्या फटी आपसूक राहिलेल्या नाहीत, गर्भात त्या पाडाव्या लागतात.

गर्भधारणेनंतर साधारण २६व्या दिवशी हाताचा अंकुर फुटतो, पायाचा त्याच्या दोनेक दिवस मागून. सहाव्या आठवड्यात अंकुराच्या टोकाला चपटा पंजा असतो आणि त्यात बोटांच्या जागी पाच पुसट रेघा. मग रेघांमधल्या पेशींना बीएमपी ही प्रथिनं मरणाचा हुकूम देतात. पेशी मरतात, भक्षक पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात आणि आठव्या आठवड्याअखेर बोटं सुटी होतात. बेडकाचं मात्र वेगळं. त्याच्यात ही मरामर जवळपास नाहीच. बोटं भराभर वाढतात, मधला भाग मागे पडतो.

बदकाच्या पायातही हुकूम सुटतो, पण ग्रेम्लिन नावाचं प्रथिन तो वाटेतच अडवतं. ग्रेम्लिनमध्ये भिजवलेला बारीक मणी कोंबडीच्या गर्भाच्या बोटांमध्ये बसवला, तर तिथेही पडदा शिल्लक राहतो! असले प्रयोग करायला अंडं ३७.५ ते ३८ अंश सेल्सियसला आडवं ठेवून उबवतात. कवचाला खिडकी पाडण्याआधी सुईने दोन-तीन मिलिलिटर पांढरा बलक काढून घ्यायचा. म्हणजे गर्भ खाली बसतो. हे राहिलं तर कवच कापताना गर्भच फाटतो. नंतर खिडकीवर चिकटपट्टी घट्ट लावायची, नाहीतर गर्भ सुकून मरतो.

अंकुराच्या टोकाशी त्वचेची एक कड असते. १९४८ मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन साँडर्स यांनी कोंबडीच्या गर्भात पंखाच्या अंकुराची ही कड कापून पाहिली. लवकर कापली तर पंख कोपराशीच थांबला, उशिरा कापली तर मनगटापर्यंत पोचला.

माणसात फट पडायची राहते ती बहुधा मधलं बोट आणि अनामिका यांच्यात. शस्त्रक्रियेत चिरा नागमोडी घेतात, कारण सरळ व्रण आकसला की बोट वाकतं. सुट्या झालेल्या दोन बोटांना जोडबोटांची कातडी पुरत नाही, म्हणून बहुतेकदा मांडीच्या सांध्याजवळची त्वचा आणून लावतात. तीन बोटं जुळलेली असतील तर मधल्या बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या करत नाहीत. त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.