पणजीची समई मीठ-लिंबानं घासू का?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला: माळ्यावर पणजीची पितळी समई सापडली, काळी-हिरवी पडलीय, मीठ-लिंबानं घासू का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नको. त्यातही मीठ तर मुळीच नको.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेत किंवा लिंबात बराच वेळ ठेवलं की जस्त आधी विरघळतं आणि गुलाबी चट्टे उरतात. ते घालवायला पुन्हा घासायचं, म्हणजे आणखी धातू जाणार. बैठकीवर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव असंच पुसट होत जातं, आणि घरात त्या नावाची दुसरी नोंद बहुधा नसते. मिठातलं क्लोराइड ओतीव पितळेच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं. पावसाळ्याचा दमटपणा मिळाला की ते धातू आतून खायला लागतं.

म्हणून आधी हिरवं नीट बघा. वातींच्या खाचांत मेणासारखा चिकट हिरवा थर असेल तर तो जुन्या तेलातल्या आम्लाचा, घाबरू नका. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवट थर राहू द्या. फिकट हिरवी, कोरडी, टूथपिकनं भुकटी होऊन पडणारी टिंबं मात्र वाईट. ती साफ करून समई पांढऱ्या कागदावर ठेवा. काही दिवसांत कागदावर पुन्हा भुकटी दिसली तर घरगुती उपाय थांबवून धातूच्या जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. त्यावरची रसायनं स्वयंपाकघरात हाताळायची नव्हेत.

बाकी काम सोपं, फक्त वेळखाऊ. आधी फोटो काढा. आटे अडकले असतील तर सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडून एक दिवस थांबा; पकड लावूच नका, दांड्यावर दातांचे वळ उठतात. साचलेल्या तेलाचा चिकटा कापसाच्या बोळ्यानं, औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटनं काढा. खिडकी उघडी हवी आणि जवळ पेटतं काही नको. मग कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब आणि मऊ ब्रश. भिजत टाकू नका. पोकळ दांड्यात पाणी अडकतं. शेवटची धुवण बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरची, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. लगेच पुसा, हेअर ड्रायरनं सांधे वाळवा.

एवढ्यावर समई सोन्यासारखी चमकणार नाही, मंद तपकिरी दिसेल. आमच्या मते तीच तिची खरी शोभा. रोज लावायची असेल तर मेणाचं पॉलिश फक्त बैठकीला आणि दांड्याला. वाटीत ते वितळतं.

दांडा वाकलाय म्हणून ती तांबट आळीत ठोकायला न्यायची असेल, तर आधी ती ओतीव आहे की घडीव ते विचारून घ्या. मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन भांडं घडवण्याचं काम, करणाऱ्यांचा हात घडीव तांब्यावर बसलेला असतो. ओतीव पितळ हातोड्यानं सरळ व्हायच्या आधी तडकू शकतं.