शिडी घाटाने भीमाशंकर: चढायचं कुठून, उतरायचं कुठून

कर्जतच्या बाजूला पायथ्याशी असलेल्या खांदस गावाहून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. गणपती घाट लांबचा, पण पायाखालची वाट कुठेही दगा देत नाही. शिडी घाट ओढ्याच्या घळीतून थेट कड्याला भिडतो आणि जिथे कातळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. डिसेंबरात भाची आणि दोन मैत्रिणींसोबत जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मी एकच गोष्ट पक्की केली: शिडी घाटाने फक्त चढायचं, उतरायचं गणपती घाटानेच.

त्याला कारण आहे. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पोटाखाली जाते, पाय अंदाजाने टाकावा लागतो आणि कातळावरून शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय नेण्याचा क्षण नेमका दरीच्या अंगाला येतो. त्यामुळे दृष्टिभय असलेल्या, म्हणजे खोल दरी दिसली की घाबरणाऱ्या माणसाचा खरा कस उतरताना लागतो. म्हणजे शिड्या सुरू झाल्या की माघार सोपी नाही. परत फिरायचं असेल तर ते पहिल्या शिडीच्या पायथ्याशीच ठरलं पाहिजे. आमचं बाकीचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती होतं.

म्हणून महिनाभर आधी सगळ्यांना पेब किल्ल्यावर नेलं. माथेरानच्या बाजूने पेबवर जाताना लोखंडी शिडी लागते. तिथे कोणाचे हात घट्ट राहतात, कोण खाली बघून थबकतं, कोण घाई करतं, हे शांतपणे पाहता आलं. एक मैत्रीण शिडीवर ठीक होती, पण शिडी संपून कातळावर पाय ठेवताना अडखळत होती. तिच्यासाठी मी दोर, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे), स्लिंग (जोडायची मजबूत पट्टी) आणि कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) घ्यायचं ठरवलं, आणि घळीत वरून दगड येतात म्हणून चौघींना हेल्मेट. ‘लोक चपला घालून चढतात’ हे वाक्य शिडी घाटाबद्दल हमखास ऐकायला मिळतं. ते खरंही आहे. पण वाडीतला माणूस ही वाट लहानपणापासून तुडवत आलेला असतो. त्याच्या चपलांवरून आपली तयारी ठरवणं मला पटत नाही.

दिवसाचा हिशेब असा मांडला. शिडी घाटाने भीमाशंकर गाठायला पाच-सहा तास, गणपती घाटाने उतरायला चार. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे मुंबईहून पहाटेची लोकल पकडून निघणं चालणार नव्हतं. आदल्या रात्री कर्जतहून गाडी ठरवून खांदसला मुक्काम केला आणि उजाडताच वाटाड्या दादांबरोबर निघालो. वाट दाखवायला त्यांची गरज आहेच, त्याहून जास्त शिड्यांसाठी. दर पावसाळ्यात दगड-पाण्याचा मार बसतो. कुठली शिडी हलते आणि कुठली धड आहे, हे तिथल्याच माणसाला माहीत असतं.

वाडी मागे पडली, ओढ्यातले धोंडे सुरू झाले आणि घळ अंगावर येऊ लागली. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला आहे, हे या वाटेवर पायांना कळतं. कठीण थर उभा तुटलेला, तिथे शिडी. मधला मऊ थर झिजून उताराचा झालेला, तिथे माती आणि कारवी. पहिल्या शिडीखाली दादा थांबले. “ताई, एकेकीनंच. वरचीनं कातळावर बूड टेकलं की मगच खालचीनं शिडीला हात लावायचा.” मी प्रत्येकीला पुन्हा एकदा विचारलं: जायचं ना? भाचीने लगेच हो म्हटलं. ती मैत्रीण थोडा वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, “दोर लावशील ना, मग चल.”

शिडी संपते आणि कातळाला बिलगून आडवं सरकायचं येतं, तो टप्पा खरा. अंतर काही पावलांचंच आहे. पाठीशी मात्र सगळी दरी मोकळी, सॅक कड्याला घासून बाहेर ढकलते. त्यासाठी सॅक हलक्या ठेवल्या होत्या आणि मॅट बाहेर न लटकवता घरीच सोडल्या होत्या. दादांनी वर जाऊन दोर पक्का केला, मी शेवटी राहिले. मैत्रिणीने हाताची खोबण धरली, पाय ठेवायची जागा स्वतः शोधली आणि दोरावर जराही भार न टाकता पार झाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

शिड्या संपल्यावर आपण पदरावर येतो. दोन कड्यांच्या मधलं हे सपाट रान, त्यातून उठलेला पदरगड आणि पलीकडे पेठच्या किल्ल्याचा सुळका. दोन्ही घाट इथेच एकत्र येतात. इथून पुढे भीमाशंकरपर्यंत दमवणारा चढ आहे, अवघड काही नाही. वर अभयारण्याचं दाट रान लागतं, शेकरूंचं. देवळात गर्दी होती. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली घंटा पाहिली, दर्शन घेतलं, पिठलं-भाकरी खाल्ली आणि एकच्या आत उतरायला लागलो.

गणपती घाटाने पदरगडाला वळसा घालत, उन्हं असतानाच खांदसला पोचलो. ज्यांना हे उतरणं नको असेल त्यांनी वरून एसटीने पुण्याकडे निघावं. मंचरमार्गे बस मिळते.

पावसाळ्यात ही वाट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी याच घळीतून येतं, शेवाळावर बूट टिकत नाहीत आणि शिडीवर माणसांची रांग लागते. एक अडली की वरचे-खालचे सगळे अडकतात. तेव्हा जायचंच असेल तर गणपती घाट आहे, तोही प्रशासनाची बंदी नाही ना हे पाहून. शिडी घाटासाठी नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, महाशिवरात्रीची गर्दी टाळून. पाणी माणशी तीन लिटर घ्या, कारण थंडी सरत आली की ओढे आटलेले असतात. खांदसहून संध्याकाळी गाडी मिळेलच असं नाही. सकाळी सोडणाऱ्या चालकालाच परतीची वेळ सांगून ठेवा.