डीएनए मॉडेल, टप्पा दुसरा: चुकीची जोडी ढकलून देणारे चुंबक

प्रमाण पहिल्या टप्प्यातलंच: १ नॅनोमीटर = ५ सेमी. म्हणजे व्यास १० सेमी आणि लागोपाठच्या दोन बेस-जोड्यांत (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) १७ मिमी. एका वळणात १०.५ जोड्या, म्हणून २१ पायऱ्यांत दोन वळणं पुरी होतात आणि २२वी जोडी पहिलीच्या बरोबर डोक्यावर येते. उंची ३५७ मिमी.

दर पायरीला ३४.३° वळण. मागच्या पाटीपासून (पाटी म्हणजे मॉडेलमधला बेस) मोजत गेलं की चूक साठत जाते. गोळाबेरीज म्हणून ३६° धरले तर वरपर्यंत ३६° जास्तीचे होतात. सगळे कोन तळाच्या फळीवर शून्यापासून आखावेत. सातवी पायरी नेमकी २४०° वर आली पाहिजे, तिथेच तपासून घ्यावं. वरून पाहताना प्रत्येक नवी पाटी घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळवायची. नाहीतर डावा पीळ होतो, कितीतरी जाहिरातींत दिसतो तसा.

कणा, म्हणजे बाहेरचे दोन धागे, १८०° वर समोरासमोर बांधू नये, धाग्यांमधल्या दोन्ही खाचा सारख्याच रुंद होतात. लहान खाच १.२ आणि मोठी २.२ नॅनोमीटर, त्या प्रमाणात १२७° आणि २३३° वर खुणा केल्या. ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची तार आडव्याशी जवळपास ३०° तिरकी जाते, त्यामुळे पाटीला सरळ पाडलेल्या भोकात ती अडकते. बाहेरच्या कडेला चीर पाडून केबल टायने बांधणं बरं. तारेवर दर ३४.४ मिमीला खूण. एका धाग्याला ७२३ मिमी लागते, टोकांसाठी धरून ८० सेमी कापावी.

आता चुंबक. पाट्या ८ मिमी सनबोर्डच्या, कडेत ५×३ मिमीचे निओडायमियम चुंबक, अरल्डाइटने बसवलेले. (थर्माकोलचा गाभा असलेल्या बोर्डाला फेविक्विक खातं.) बेस एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात; त्यात हायड्रोजन देणाऱ्या जागी उत्तर ध्रुव बाहेर, घेणाऱ्या जागी दक्षिण. मोठ्या खाचेकडून क्रम असा: ए = उ, द; टी = द, उ; जी = द, उ, उ; सी = उ, द, द. ए-टी दोन चुंबकांनी धरते, जी-सी तिन्हींनी. ए समोर सी धरली तर दोन्ही जागी सारखे ध्रुव येतात आणि पाटी मागे ढकलली जाते. जी-टीचंही तेच. या दोन्ही चुकीच्या जोड्यांची रुंदी बरोबर असते, त्यामुळे नुसत्या लांबीवर कापलेल्या मॉडेलमध्ये त्या खुशाल बसतात.

टीच्या तिसऱ्या जागीही एक ऑक्सिजन असतो, ए-टी जोडीत तो मोकळाच राहतो. तिथे दक्षिण चुंबक लावून टी एक घर मोठ्या खाचेकडे सरकवली, की जी-टी दोन जागी चिकटते. ही खरी वॉबल (जरा सरकून जुळणारी) जोडी. पेशीत डीएनएची प्रत काढताना होणाऱ्या चुकांचं हे एक कारण. लावावा की नाही, हा आवडीचा प्रश्न. आमच्या मते लावावाच.

मधला रॉड काढावा लागला, चुंबक अक्षाजवळच येतात. त्यामुळे फोर्क (प्रत काढताना दोन धागे जिथे वेगळे होतात ती जागा) उघडता येतो, पण तळ पक्का असेल तर खालचा पीळ घट्ट होत जातो आणि पाट्या चिंबतात. तळाशी गळाला लावतात तो स्विव्हल बसवला. टोपोआयसोमरेज हे एन्झाइम पेशीत हाच ताण सोडवतं. ई. कोलाय या बॅक्टेरियात सेकंदाला सुमारे १००० न्यूक्लिओटाइड (धाग्याचे एकेक घटक) जोडले जातात, म्हणजे पुढची जवळजवळ ९५ वळणं तेवढ्यात सुटावी लागतात. अ‍ॅल्युमिनियमची तार पुन्हा पुन्हा वाकवून कडक होते नि तुटते, म्हणून फोर्कच्या वरच्या भागात नायलॉन दोरी.

पुढचा टप्पा लॅगिंग धाग्याचा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी बनणाऱ्या नव्या धाग्याचा. या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात. बॅक्टेरियातला ओकाझाकी तुकडा १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचा, या प्रमाणात १७ ते ३४ मीटर, तेव्हा सहा-सहा पाट्यांवर भागवायचं. आरएनए प्रायमरच्या (तुकड्याची सुरुवात करून देणाऱ्या छोट्या आरएनएच्या) पाट्या नारिंगी. आरएनएत टीऐवजी यू असतो; यूची जोडणारी कड टीसारखीच, त्यामुळे चुंबकांचा क्रम तोच. फक्त त्या केबल टायऐवजी वेल्क्रोने बांधाव्यात, कारण तुकडे जोडण्याआधी त्या काढून तिथे डीएनएच्या पाट्या बसवायच्या आहेत.