दोन देगावं आणि माझी एक चुकलेली नोंद

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आमची गाडी खानापूर सोडून हेमाडग्याच्या रस्त्याला लागली होती, आणि आम्हाला खरं तर जायचं होतं कित्तूरजवळच्या देगावला. चूक कुणाची म्हणाल तर सगळी माझी. नवरा फक्त गाडी चालवत होता.

पुण्याहून आत्या आली होती. लहानपणी ती खानापुरात राहिलेली, पण हलशीचं देऊळ आणि देगावचं कमळनारायण मंदिर तिनं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बेळगावातच राहतो, त्यामुळे ‘कधीही जाता येईल’ म्हणत आमचंही राहून गेलेलं. म्हणून दोन दिवसांचा बेत ठरवला आणि महिनाभर माहिती गोळा केली. ती सगळी ऑब्सिडियन नावाच्या ॲपमध्ये. हे ॲप निवडायचं कारण सरळ आहे: नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून फोनमध्येच राहतात, खानापूरच्या रानात रेंज गेली तरी उघडतात. वापर फुकट आहे. फोन आणि लॅपटॉपवरच्या नोंदी आपोआप जुळवून घेणारी त्यांची सेवा मात्र पैसे भरून घ्यावी लागते. मी ती घेतली नाही. नोंदी लॅपटॉपवर लिहून निघायच्या आदल्या रात्री फोनमध्ये टाकल्या.

झालं असं की ‘देगाव’ नावाची एकच नोंद केली होती. तिच्यात एकीकडून वाचलेलं कमळनारायण मंदिर आलं, दुसरीकडून ‘रस्ता खराब, वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात नको’ असंही आलं. दोन्ही खरं आहे, फक्त दोन वेगळ्या गावांबद्दल. एक देगाव कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, तिथं मंदिर आहे. दुसरं खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या रानात, म्हादई नदीच्या उगमाकडं. नोंदीत ‘तालुका खानापूर’ लिहिलेलं पाहून मी ठिकाण म्हणून हे रानातलं देगाव लावलं आणि नवऱ्याला रस्ता सांगितला.

एका चहाच्या टपरीवर आत्यानं सहज विचारलं, ‘देगावचं देऊळ किती लांब?’ तो माणूस हसून म्हणाला, ‘कुठलं देगाव म्हणालाय? कित्तूरकडचं, का रानातलं?’ मी फोन काढून नोंद वाचली आणि गप्प बसले. दीड तास गेला. चहा चांगला होता.

या भागात नावांचा गोंधळ नेहमीचाच. प्रत्येक गावाला मराठी रूप, कन्नड रूप आणि इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगं. आमच्या शहराचंच पाहा, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, तरी रेल्वेचं स्टेशन-कोड अजून बीजीएम, आणि आम्ही बोलताना बेळगावच म्हणतो. हलशीला कन्नडमध्ये हलसी, मराठीतही काही जण हलसीच लिहितात. ‘बेळगांव’ असं अनुस्वार देऊन लिहिलेली नोंद ‘बेळगाव’ शोधल्यावर सापडत नाही, कारण ॲपला ते दोन वेगळे शब्द.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी नोंदी नव्यानं रचल्या. ऑब्सिडियनमध्ये नोंदीच्या अगदी वरती ‘एलियस’ म्हणजे दुसरी नावं लिहायची सोय आहे. तिथं सगळी रूपं घाला: अनुस्वारासकट, अनुस्वाराशिवाय, इंग्रजी स्पेलिंगं, आणि कन्नड लिपीतलं नाव. कन्नड नाव कुणा कन्नड शेजाऱ्याकडून टाइप करून घ्या, भाषांतरावर विसंबू नका. एसटी स्टँडवरच्या कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्येच असतात. फोनवर तेच अक्षर समोर धरून पाटीशी ताडता येतं. बेळगाव-खानापुरात मराठी चालतं, कित्तूर-बैलहोंगलकडं कन्नड दोन वाक्यं तरी हवीत. आणि गावाच्या नावापुढे तालुका लिहाच. माझ्या वहीत आता ‘देगाव-कित्तूर’ आणि ‘देगाव-खानापूर’ अशा दोन नोंदी आहेत.

आणखी एक ओळ मी प्रत्येक नोंदीत घालते: ‘कुठून कळलं, कधी’, आणि त्याखाली ‘पडताळलं’. फिरून आल्यावरच ती दुसरी ओळ भरायची. रस्ते, वेळा, परवानग्या यांत वर्षभरापूर्वीची माहिती शिळी असते.

आता प्रवास. टपरीवरून परत खानापूर, तिथून नंदगड. कित्तूरच्या चेन्नम्मा राणीचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी 1831 मध्ये इथंच फाशी दिलं. समाधी वडाखाली आहे. तिथून हलशी जवळच. ही पलाशिका, प्राचीन कदंब राजघराण्याची एक राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकाकडं तोंड केलं की दुसऱ्याकडं पाठ. आत्या एकदा इकडं, एकदा तिकडं वळून थकली आणि मध्येच बसली. भूदेवीला उचललेला वराह उजेडात नीट पाहायचा तर दुपार टळायच्या आत जा, आत अंधार असतो. गावात सुवर्णेश्वराचं जुनं देऊळही आहे, तिथं माणसं कमी फिरकतात. जेवण हलशीत मिळेल या भरवशावर राहू नका, डबा न्या.

इथं ॲपचा खरा उपयोग झाला. हलशीच्या नोंदीत मी ‘शिवचित्त पेर्माडी’ या गोव्याच्या कदंब राजाच्या नावाला दुवा दिला होता. त्याच्यावर बोट ठेवलं तर खाली, त्याला जोडलेल्या नोंदींत, ‘देगाव’ची तीच चुकलेली नोंद दिसली: कमळनारायण मंदिर याच राजाच्या राणीनं, कमलादेवीनं बांधवलं, शिल्पी तिप्पोज. दोन्ही देवळं 12व्या शतकातली. वेगवेगळ्या दिवशी टाकलेल्या दोन नोंदी एका घरातल्या निघाल्या. आत्या म्हणाली, ‘मग नवऱ्याचं पाहिलं, आता बायकोचं पाहायला नको?’

नंदगड-बिडीमार्गे कित्तूर. 1824 मध्ये चेन्नम्मा राणीच्या सैन्यानं कलेक्टर थॅकरेला इथं मारलं. 1829 मध्ये ती बैलहोंगलला कैदेत वारली. वाड्याचे भग्न अवशेष पाहायला तासभर पुरतो. कमळनारायणाला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. तीन गाभारे, एकात लक्ष्मी-नारायणाची जोडी, छतावर एवढं बारीक काम की मानेला रग लागते. हे एकच देऊळ पाहायला आलात तरी पैसे वसूल. हायवेनं बेळगाव पन्नासेक किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी बेळगावचा किल्ला. तिथल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, छताला दगडी कमळ उलटं लोंबतंय, 1204 ची ही बस्ती रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं बांधली. किल्ल्यात लष्कराचा वावर आहे, फोटो काढण्यापूर्वी पहारेकऱ्याला विचारा. टिळकवाडीतलं वीरसौध, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा, वाटेवर पाहून घ्या; गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन.

घरच्यांना ॲप घ्यायला लावायच्या भानगडीत पडू नका. मी लॅपटॉपवरून एका पानाची पीडीएफ काढून आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, नकाशासकट. तिला तेवढंच हवं होतं.

खरेदीच्या नोंदीत मी लिहिलं होतं: ‘कुंदा प्रवासात नीट टिकतो, मांडे अलगद न्यावेत.’ पुण्याला पोचल्यावर आत्याचा निरोप आला: मांडे अख्खे एकही उरले नाहीत. ‘पडताळलं’ खाली तेही लिहून टाकलं.