शिनाणी, उंदीर आणि दंडातली बेडकुळी

परवा भाचीच्या वहीत मसलचं स्पेलिंग चुकलं म्हणून लाल गोल आलेला, शरीरातल्या मसलच्या जागी हिनं समुद्रातल्या मसलचं लिहिलेलं, म्हणजे आपण शिनाण्या म्हणतो त्या शिंपल्यांचं. पार रडकुंडीला आलेली पोरगी. मी म्हटलं थांब की गं, तू लई काय चुकली नाहीस, हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत.

लॅटिनमध्ये उंदराला मूस म्हणायचे, आणि चिमुकल्या उंदराला मुस्कुलस. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं हलतं ना, ते त्यांना उंदरासारखं दिसलं, म्हणून स्नायू मुस्कुलस. आणि हा शिंपलापण मुस्कुलसच. शिंपल्याचं नाव इंग्रजीत फार जुनं, स्नायूचं मागाहून फ्रेंचमधून १४व्या शतकाच्या अखेरीस आलं, उच्चार अजून सारखाच.

शिंपल्यात उंदीर कुठला, हे मलापण पटत नव्हतं. रविवारी मार्केटातनं गोव्याच्या शिनाण्या आणल्या, चोर्ला घाटातनं येतात आमच्याकडं, आणि धुताना एक हातात धरून नीट बघितली. काळपट पाठ, एक टोक निमुळतं, दुसरं गोल फुगीर, आणि फटीतनं बाहेर आलेला दोऱ्यांचा झुपका, ज्यानं ती खडकाला धरून बसते. झुपका ओढून काढायला लागलो तर भाची शेजारनं म्हणते, मामा, शेपूट!

इंग्रजीतला माऊस त्याच घरातला आणि आपल्या गणपतीचा मूषकपण. ग्रीकमध्येसुद्धा उंदीर आणि स्नायू दोन्हीला एकच शब्द, हार्ट अटॅकच्या रिपोर्टात मायोकार्डियल लिहितात त्यातला मायो तिथला. (मायोपिया, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, त्यातला मायो मात्र वेगळा, तो डोळे मिटण्यावरनं आलेला.) कन्नडमध्ये उंदराला इली, ते घराणंच निराळं.

पण मला खरा आनंद आपल्याच शब्दाचा झाला. तालमीत पोरं म्हणतात की, बेडकुळी काढून दाखव! त्यांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्या माणसांना बेडूक, बघायची तऱ्हा अगदी तीच आणि कुणी कुणाचं बघून केलेलं नाही. हे जेवताना सांगितलं तर आमच्या थोरल्या काकांनी, तरुणपणी लाल मातीत घुमलेला माणूस, हात धुवायच्या आधीच बाही वर सारली आणि दंड वळवला. भाचीनं बोट लावून बघितलं, दोनदा दाबलं. तिला तो बेडूकच वाटला.